आत्याचा तिसरा पुकारा

'सबुरी धरा' असं कुणी तोंड भरून सांगू लागलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघते. माणूस बसलेला आहे की निघालेला? माझा आजवरचा अनुभव असा, की सबुरीचा उपदेश करणाऱ्याच्या पायात बहुतेक वेळा वहाण चढलेली असते.

माझे बाबा घाटाखालच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर होते आणि रविवारी त्याच खोलीत उपदेशक. मोताळ्याचा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर होता. बुलढाणा वर, घाटावर. पादरीसाहेब तिथे राहायचे आणि महिन्यातून एकदा खाली उतरायचे. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणून शाळेच्या भिंतीवर दोघांचा मिळून एकच नकाशा होता. त्यातला वऱ्हाड वाळवीनं जवळजवळ संपवला होता, मध्यप्रांत मात्र शाबूत होता. बाबा दरवर्षी नवीन नकाशा मागायचे. दरवर्षी वरून उत्तर यायचं, थोडी सबुरी धरा.

गावात ख्रिस्ती घरं नऊ. आम्ही नऊही घरं कशाची ना कशाची वाट बघत असायचो. विहिरीची, शाळेवरच्या कौलांची, साहेबांची. शेजारचे शेतकरी कधीकधी बाबांना विचारायचे, "मास्तर, तुमचं सारंच बुलढाण्याहून येते काय वो?" बाबा त्यावर सरकीचा दृष्टांत द्यायचे. सरकी पेरली म्हणजे दुसऱ्या दिवशी कापूस येत नाही, माणसानं वाट बघावी लागते, वगैरे. तो दृष्टांत मला पाठ होता. शेजाऱ्यांना कापूस बाबांपेक्षा जास्त कळत होता, पण ते बिचारे ऐकून घ्यायचे.

या गोष्टीतली माझी आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा प्लेगात गेले तेव्हापासून आमच्याकडेच असायची. मिशनच्या बोर्डिंगात सातवी झालेली, तेवीस वर्षांची, आणि बिनलग्नाची. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि तिची शेपूट होते.

एका हिवाळ्यात मिशनच्या दवाखान्याची डॉक्टरीणबाई दौऱ्यावर आली आणि गावाबाहेर आंब्याखाली तिचा तंबू पडला. त्याच वेळी मागच्या आळीतली एक बाई अडली होती. मूल आडवं होतं. दोन दिवस आत्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली उभी होती. पाणी उकळ, फडकी दे, पाय धर. मूल जगलं, बाईही जगली. निघताना डॉक्टरीणबाईनं बाबांना सांगितलं, हिचा हात कापत नाही, हिला माझ्याकडे नर्सचं शिकायला पाठवा. अट एकच, मुलगी बिनलग्नाची हवी. जागा रिकामी झाली की कळवते.

त्या दिवसापासून आत्या त्या पत्राची वाट बघू लागली. डाकवाला आठवड्यातून एकदा, मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी यायचा. आत्या घागर घेऊन बरोबर त्याच वेळेला निंबाखाली. एकदा पोस्टकार्ड आलंही, 'नाव यादीत घातलं आहे' एवढंच. ते तिनं गीतांच्या पुस्तकात ठेवलं. रोज सकाळी ती जुनी लुगडी फाडून पट्ट्या करायची, उकळायची, वाळवायची आणि माझ्या धडधाकट पायावर बांधायची. पाय सापडला नाही तर बकरीच्या.

महिनाभरानं पादरीसाहेब खाली आले ते स्थळ घेऊनच. घाटावरच्या एका शाळेचे हेडमास्तर, बायको वारलेली, तीन लेकरं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. लेकरांना आई आणि चुलीला माणूस हवंय, असं त्यानं पत्रात सरळ लिहिलं होतं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी साहेबांच्या समोरच होकार देऊन टाकला. आत्या तेव्हा आत साहेबांसाठी अंडी उकडत होती.

साहेब गेल्यावर ती बाहेर आली. "दादा, मले हे लगीन नाई करायचं. मले नर्सचं शिकाचं हाय."

"अवं, लगीन करूनही सेवा करता येते," बाबा म्हणाले.

"कोणाची?"

"तीन लेकरं हायेत ना त्यायची. प्रार्थना कर, सबुरी धर. मन वळते."

"सरकीले तरी कोणी विचारते काय, तुले कोणत्या वावरात पेरू म्हणून? मी तं बोलून राह्यली ना!"

आई चुलीपाशी फिसकन हसली. बाबा हसले नाहीत. आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाईमाणसाचं 'नाही' हे कच्च्या आंब्यासारखं समजत, अढीत घालून ठेवलं की आपोआप पिकतं. बाबांनी आत्याचं 'नाही' तसंच अढीत घातलं आणि वर प्रार्थनेचं गवत पसरलं.

आता पुकारा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यात लग्नाआधी भक्तीच्या वेळी मुलामुलीची नावं मंडळीसमोर वाचतात आणि कुणाची हरकत आहे का ते विचारतात. असं तीनदा. त्याला आम्ही पुकारा म्हणायचो. शहरात हे तीन रविवारांत उरकतं. पण आमच्याकडे पुकारा साहेबांनीच वाचायचा, मास्तरांनी वाचलेला चालत नव्हता, आणि साहेब महिन्यातून एकदा येणार. त्यात आणखी एक नियम, तिन्ही पुकारे तीन महिन्यांच्या आत झाले पाहिजेत. नाहीतर झालेले रद्द, बुलढाण्याला नवा अर्ज, त्याच्या मंजुरीला काही महिने, आणि पुन्हा पहिल्यापासून.

याखेरीज आमच्या मंडळीची एक खास रीत होती. जिचा पुकारा व्हायचा, ती मुलगी त्या वेळी मंडळीत बसत नसे. नवरी समोर असताना पुकारा होतच नाही, असं सगळे म्हणत. ती मागे घरात बसायची, आणि पुकारा झाला की घरातली एखादी लहान पोर तिला बोलावून आणायची. आमच्या घरातली पोर म्हणजे मी.

ही रीत आली कुठून? पुष्कळ वर्षांनी मी विचारपूस केली तेव्हा कळलं. आमची माणसं समजत होती की ही विलायतेची रीत आहे, साहेबलोकांचा मान राखायला हवा. साहेब समजत होते की ही वऱ्हाडातल्या बायकांची लाज आहे, इथल्या लोकांचा मान राखायला हवा. दोघांनी एकमेकांचा मान राखून ती वर्षानुवर्षं जपली आणि एकमेकांना कधी विचारलं नाही. आत्याला मात्र खरं माहीत होतं. डॉक्टरीणबाईच्या तंबूत तिनं सहज विचारलं होतं, तुमच्यातही मुलगी बाहेर बसते का? डॉक्टरीणबाई म्हणाली, छे, कुणी सांगितलं तुला?

पहिल्या वर्षी दोन पुकारे झाले. तिसऱ्याच्या वेळी नळगंगेला पूर, साहेब पलीकडच्या काठावरूनच परत फिरले. पुकारे रद्द. पुढच्या खेपेला पहिला पुकारा झाला आणि उन्हाळा लागला. उन्हाळ्यात साहेब डोंगरावर थंड हवेला जात. पुन्हा रद्द. आमच्या आत्म्यांसाठी ते बारा महिने झटायचे, पण त्यातले दोन महिने थंडीत बसून.

आणि मग बाबांना त्यांचा नवा दृष्टांत सापडला. सरकी मागे पडली. "प्रियजनहो," बाबा म्हणायचे (मंडळीत ते पुस्तकी बोलत, घरी आले की 'काऊन, पाणी नाई काय?'), "आपल्यामध्येच एक भगिनी आहे. तिचा विवाह पुन्हा पुन्हा लांबतो, तरी तिच्या मुखातून कुरकुरीचा एक शब्द नाही." सगळी मंडळी वळून आत्याकडे बघायची. आत्या मान खाली घालायची. मी तिच्या शेजारी बसलेली असायचे, म्हणून मला दिसायचं की ती ओठ चावून हसू दाबतेय.

पुकारा रद्द झाला की दुसऱ्या दिवशी जात्यावर तिचा गळा मोकळा सुटायचा. आई विचारायची, "काऊन वो बाई, लगीन लांबलं अन् तुम्ही गाणे म्हणून राह्यल्या?" आत्या म्हणायची, "सबुरी धरून राह्यली ना मी, वहिनी."

पण ते नुसतं हसण्यावारी नव्हतं. एकदा विहिरीवर एक बाई तिच्यापाशी आली. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगात कामाला म्हणून गेला तो दोन वर्षं परतला नव्हता. ती आत्याचा हात धरून म्हणाली, "बाई, तुमच्यासारखी सबुरी मले कशी येइन? कोणती प्रार्थना करता तुम्ही?" आत्यानं घागर उचलली. वाटेत तिनं घागर खाली ठेवली आणि मला विचारलं, "मी खोटारडी हाय काय वं?" मी म्हटलं, तू वाट तर बघतेच आहेस ना, डाकवाल्याची. तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा पहिल्यांदा बाबांचा राग आला आणि तो बरीच वर्षं गेला नाही. तिची सबुरी अगदी खरी होती, सगळ्या मंडळीनं तिच्या सबुरीचं कौतुक चालवलं होतं, आणि ती कशासाठी आहे हे आमच्या घराबाहेर एकालाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या खेपेला पहिला पुकारा झाला. दुसराही झाला. तिसऱ्याच्या आधी साहेबांचा निरोप आला की ते वर्षभराच्या रजेवर विलायतेला निघालेत. रविवारी बुलढाण्याहून मलकापूरला गाडी धरायला जाताना ते आमच्या गावी थांबतील, तिसरा पुकारा वाचतील आणि लगोलग लग्नही लावून देतील. नवऱ्या मुलानं तयार राहावं. दोन वर्षं पाय ओढत चाललेलं लग्न आता तासाभरात उरकायचं होतं.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी डाकवाला आला. पत्र डॉक्टरीणबाईचं. जागा झाली आहे, मुलगी अजून बिनलग्नाची असेल तर जूनमध्ये पाठवा. आत्यानं ते पत्र बाबांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"ही परीक्षा हाय तुही," ते म्हणाले. "दोन वर्सं सबुरी धरली, अन् आता चार दिवसासाठी घाई करून राह्यली?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "बरं," आणि पत्र उचलून गीतांच्या पुस्तकात ठेवलं. बाबांना वाटलं, पिकला आंबा.

रविवारी सकाळी शाळेपुढे मांडव होता. हेडमास्तर नवा कोट घालून, तीन लेकरांचे केस चापून विंचरून पहिल्या रांगेत पुरुषांकडे बसले. आईनं पुरणाचं शिजवलं होतं. साहेबांची भाड्याची मोटार धूळ उडवत आली, मागं ट्रंका बांधलेल्या. ड्रायव्हर मलकापूरचा एक मुसलमान म्हातारा होता, त्यानं इंजिन बंदसुद्धा केलं नाही.

मी आणि आत्या मागे स्वयंपाकघरात. तिच्या अंगावर रोजचं पांढरं लुगडं. लग्नाचं घडी करून पेटीवर तसंच. पहिलं गीत सुरू झालं तशी ती उठली, तोंड धुतलं, पुस्तक घेतलं आणि मला म्हणाली, "चाल."

"अजून पुकारा व्हायचा हाय!"

"म्हणूनच."

ती सरळ शाळेच्या खोलीत गेली आणि बायकांच्या बाजूला, सगळ्यांत पुढे सतरंजीवर मांडी घालून बसली. मी तिच्यामागे. गीत संपलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं, वर पाहिलं आणि थांबले. मंडळीचे एक म्हातारे वडील, म्हणजे पंच, होते, रीतिभाती राखणं त्यांच्याकडे. ते उठून जवळ आले. "बाई, तुम्ही घरात बसा. पुकारा व्हायचा हाय."

"होऊ द्या ना, काका. मी कोठी नाई म्हणून राह्यली?"

"तुमच्यासमोर कसा होइन?"

"मंग थांबू."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर असं, की इथल्या लोकांची रीत आपण कशी मोडावी. बाबांच्या चेहऱ्यावर असं, की साहेबांच्या विलायतेची रीत आपण कशी मोडावी. दोघंही अतिशय सभ्य माणसं. बाबांनी दुसरं गीत सांगितलं. ते झालं. मग तिसरं, सात कडव्यांचं. ते म्हणताना बाबा आत्याकडे असे बघत होते की मी तिच्या पदरामागे तोंड लपवलं. आत्या प्रत्येक कडवं स्पष्ट म्हणत होती. बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

सातवं कडवं संपलं. साहेबांनी घड्याळ काढलं. हेडमास्तरांच्या धाकट्या मुलीनं विचारलं, "बाबा, जेवण कधी?" पुन्हा भोंगा. मग ड्रायव्हरच दारात आला. "साहब, मलकापूर की गाडी किसी के बाप की नहीं है।"

तेव्हा साहेब खाली उतरले, आत्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या मराठीत मायेनं म्हणाले, "बाई, आपण बाहेर जावे. देवाच्या कामात थोडी सबुरी पाहिजे."

आत्या बसूनच म्हणाली, "हाव साहेब. मले सबुरी हाय. दोन वर्सं तेच तं शिकली."

साहेबांचे पाय मला अजून दिसतात. काळे बूट, त्यावर घाटाची लाल धूळ, आणि एक बूट आधीच दाराकडे वळलेला. त्यांनी रजिस्टर मिटलं. आशीर्वाद अर्धा आत झाला, अर्धा मोटारीच्या पायरीवर. धुळीचा लोट मोताळ्याच्या रस्त्यानं दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो. पुकारे पुन्हा रद्द झाले, आणि साहेब परत यायला वर्ष होतं.

बाबा घरात गेले आणि दार लावून घेतलं. बाकीचे परत सतरंजीवर येऊन बसले. मग हेडमास्तर उठले, कोटाची बटणं काढली आणि आत्याजवळ येऊन हळू विचारलं, "तुमाले खरंच नको होतं काय?"

"नको होतं."

"मले कोणी सांगतलंच नाई," तो माणूस म्हणाला. दोन वर्षांत तिला काय हवं हे विचारणारा तो पहिलाच. आईनं त्याला आणि लेकरांना पुरणपोळी वाढली, वर बांधूनही दिली.

जूनमध्ये आत्या गेली. मोताळ्यापर्यंत मी आणि आई पोचवायला होतो. बाबा आले नाहीत. त्या रविवारपासून ते तिच्याशी बोलत नव्हते, आणि पुढंही कितीतरी वर्षं बोलले नाहीत. भगिनीचा दृष्टांत बंद झाला, सरकी परत आली.

बाबांना मोतीबिंदू झाला तेव्हा मी त्यांना त्याच दवाखान्यात घेऊन गेले. दुसरा जवळ नव्हता. आत्या तिथली मोठी नर्स झाली होती. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या, आणि हलायचं नाही असा हुकूम. जन्मभर सबुरी सांगितलेला माणूस पहिल्याच दिवशी दर तासाला विचारू लागला, "पट्टी कधी सोडतात?" कंपाउंडर म्हणे सबुरी धरा. पोरसवदा नर्सा म्हणत सबुरी धरा, बाबा. तो शब्द ऐकला की बाबा चादर मुठीत आवळायचे. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

आत्यानं तो शब्द एकदाही वापरला नाही. कुणी हाक मारली की "आली" म्हणायची, आणि यायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती बाबांची नाडी बघत होती. बाबांनी तिचा हात चाचपडून धरला. "त्या दिवशी," ते म्हणाले, "साहेब नसते गेले तं तू किती येळ बसली असती?"

"त्यायले गाडी धरायची होती, दादा. मले बसायचंच होतं."

पट्टीखालून एक ओघळ कानाकडे गेला, तो तिनं टिपला. "रडू नका, डोयाले चालत नाई."

"म्या तुले एकदाही विचारलं नाई."

"नाई विचारलं," ती म्हणाली. हात सोडवून घेतला नाही.

"आता विचारतो. पट्टी कधी सोडशीन?"

"उद्या सकायी सात वाजता."

बाबा त्या दिवशी पुन्हा काही विचारायला गेले नाहीत. सकाळी दवाखान्याच्या घड्याळात साताचे ठोके पडत असताना व्हरांड्यात तिच्या चपला वाजल्या. बाबांनी आवाजाकडे तोंड वळवलं. सांगितलेल्या वेळेला आलेलं माणूस ते जन्मात पहिल्यांदाच बघणार होते.